कार्पेटमधलं पाणी कशानं ओढावं?

या वेळी सगळी पत्रं ओल्या कार्पेटवरची घेतली आहेत. पाणी शिरलेल्या खोल्या कोरड्या करून देणं हेच माझं काम होतं. आता यंत्रं भाड्यानं देते आणि लोकांची बिघडलेली दुरुस्त करते. विकणारा काय सांगतो ते कानावर येतंच, आणि त्याच यंत्राचं पुढं काय होतं तेही माझ्या टेबलावर येतं.

प्रश्न : ताई, वॉशिंग मशीनचा पाइप रात्रीत निसटला आणि सकाळपर्यंत बैठकीच्या खोलीत पाणी साचलं. खोली चार बाय पाच मीटर, भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट. त्या वेळी निभावलं, पण आता घरात एखादं यंत्र असावं असं वाटतं. एक दुकानदार ६ हॉर्सपॉवरचा वेट अँड ड्राय व्हॅक्यूम दाखवतो, दुसरा कार्पेट धुण्याचं मशीन. कोणतं घेऊ?

उत्तर : हॉर्सपॉवरच्या आकड्याकडे बघूच नका. यंत्राच्या पाठीवरच्या पट्टीवर अँपिअर लिहिलेले असतात. त्यांना व्होल्टनं गुणा आणि ७४६नं भागा. २३० व्होल्टवर ६ अँपिअर घेणारं यंत्र १३८० वॉटचं झालं, म्हणजे दोन हॉर्सपॉवरसुद्धा भरत नाहीत. मग सहा आले कुठून? मोटर प्रयोगशाळेत क्षणभर जो उच्चांक गाठते तो खोक्यावर छापतात. घरच्या प्लगवर ती तिथवर कधीच पोचत नाही.

बघायचे आकडे दोन. पहिला वॉटर लिफ्ट, म्हणजे यंत्र पाण्याचा किती उंच स्तंभ तोलून धरू शकतं. दुसरा एअरफ्लो, म्हणजे सेकंदाला किती हवा ओढतं. लिफ्टमुळे पाणी तंतूंमधून सुटतं, आणि सुटलेलं पाणी नळीतून वाहून नेते ती हवा. हवा कमी पडली की पाणी नळीतच गुरगुरत बसतं. लिफ्ट कमी पडली तर वरवरचं तेवढं उचललं जातं आणि कार्पेट हाताला ओलंच लागतं. कंपन्या लिफ्ट कधी किलोपास्कलमध्ये देतात, कधी मिलीबारमध्ये, कधी इंचांत, त्यामुळे तुलना करताना डोकं फिरतं. १ किलोपास्कल म्हणजे १० मिलीबार, म्हणजेच साधारण १०२ मिलिमीटर किंवा ४ इंच पाणी, एवढं लक्षात ठेवा. घरगुती वेट व्हॅक्यूम २० किलोपास्कलच्या आसपास असतात आणि घरच्या कामाला तेवढं पुरतं. समुद्रसपाटीला पूर्ण निर्वात पोकळी केली तरी १०१ किलोपास्कलच होतात, त्यामुळे कुणी त्याहून मोठा आकडा सांगितला तर खुशाल हसा आणि पुढच्या दुकानात जा. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. लिफ्टचा कमाल आकडा नळीचं तोंड बंद करून मोजतात आणि एअरफ्लोचा कमाल आकडा तोंड उघडं ठेवून. दोन्ही एका वेळी तुमच्या हाती कधीच लागत नाहीत.

म्हणूनच मी यंत्राआधी त्याचं तोंड बघते, म्हणजे नळीच्या टोकाला लावायचं हेड. बहुतेक वेट व्हॅक्यूमबरोबर रबराच्या पट्ट्यांचं रुंद हेड येतं. ते लादीसाठी असतं. कार्पेटवर ते लवेवर, म्हणजे उभ्या तंतूंवर, तरंगतं, बाजूंनी हवा आत शिरते आणि सगळी ओढ वाया जाते. कार्पेटला हवं अरुंद फटीचं, गुळगुळीत ओठाचं हेड, जे लवेत थोडं रुतून बसेल. शक्यतो पारदर्शक घ्या. ते मागं ओढताना आत पाण्याची शीट धावताना दिसते, मग तिच्या रेघा होतात, मग नुसते थेंब. थेंब दिसेपर्यंत त्याच पट्ट्यावरून हळूहळू फिरवायचं. लोक घर झाडल्यासारखे भराभर पुढंमागं करतात आणि दोष यंत्राला देतात. काम होतं ते मागं ओढताना, तेही सावकाश.

आता ड्रम. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. तुमच्या २० चौरस मीटरच्या खोलीत १५ मिलिमीटर पाणी चढलं तर ते ३०० लिटर झालं. ड्रम भरत आला की आतला तरंगता फ्लोट वर उचलला जाऊन ओढ बंद करतो, २० लिटरच्या ड्रममध्ये तोवर १५ लिटर मावतं असं धरा. म्हणजे वीस खेपा, आणि प्रत्येक खेपेला पंधरा किलो पाणी न सांडता मोरीपर्यंत न्यायचं. म्हणून ड्रमच्या तळाशी बागेचा पाइप जोडता येईल अशी तोटी हवी. आतच पंप असलेलं यंत्र मिळालं तर फारच छान, पाणी आपलं आपण बाहेर जातं. माझं विचाराल तर २०० वॉट जास्त असण्यापेक्षा ही तोटी मोलाची.

नळी ३८ मिलिमीटरची घ्या. धुळीच्या यंत्राची बारीक नळी पाण्याला पुरत नाही. उगाच लांबलचकही नको, प्रत्येक जादा मीटर ओढ खातो.

कार्पेट धुण्याचं मशीन वाईट नाही, पण ते वेगळ्या कामाचं. त्यात साबणपाणी फवारणारा पंप असतो, ब्रश असतो, काहींत हीटरही. या कशाचा तुम्हाला उपयोग नाही. आणि मळक्या पाण्याची टाकी असते तीनचार लिटरची. तीनशे लिटरला किती खेपा होतील ते तुम्हीच मोजा.

थोडक्यात, तळाला तोटी असलेला तीसेक लिटरचा वेट व्हॅक्यूम आणि कार्पेटचं वेगळं हेड घ्या. त्याच्या जोडीला लहान सबमर्सिबल पंप ठेवा. पाणी घोट्याला लागत असेल तेव्हा व्हॅक्यूमनं उपसणं म्हणजे उगीच कंबर मोडणं. पंप घेताना मात्र तो किती खालपर्यंत ओढतो ते विचारा. साधे पंप दोनतीन सेंटिमीटर पाणी मागं सोडतात, सपाट बुडाचे काही मिलिमीटरपर्यंत जातात. आणि पंपावरचा लिटरचा आकडा पाणी मुळीच वर चढवायचं नसताना मोजलेला असतो. तळघरातून तीन मीटर वर फेकायचं असेल तर पंपाच्या पत्रकात त्या उंचीपुढं काय लिहिलंय ते बघा.

प्रश्न : घरातला रोजचा व्हॅक्यूम क्लीनर थोड्याशा पाण्यासाठी चालवला तर चालेल का?

उत्तर : नाही. कोरड्या व्हॅक्यूममध्ये ओढलेली हवाच मोटरीला थंड करते, म्हणजे तुमचं पाणी थेट वायंडिंगवरून जाणार. मोटर जळेल हे सोडाच, ओल्या कार्पेटवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला शॉक बसेल. वेट व्हॅक्यूमच्या मोटरीला थंड करणारी हवा वेगळ्या वाटेनं येते. तोही चालवताना धुळीची कागदी पिशवी आणि कागदी फिल्टर काढून ठेवा, फोमची बाही चढवा. प्लग ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवरच, म्हणजे वीज गळाली की लगेच तोडणाऱ्या स्विचवरच हवा. एक्स्टेंशनची रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते. आणि खोलीतले सॉकेट पाण्यात असतील तर मेन स्विच बंद होईपर्यंत आत पाऊलच टाकू नका.

प्रश्न : मी वेट व्हॅक्यूमनं दुपारभर पाणी ओढलं. शेवटी यंत्रात थेंबही येईना. पंखे लावले. दुसऱ्या दिवशी कार्पेट वरून कोरडं, पण चाललं की पायाखाली चुबुक चुबुक होतंय आणि कुबट वास सुरू झालाय. यंत्र कमजोर निघालं का? मोठा डीह्युमिडिफायर आणू का?

उत्तर : यंत्रानं त्याचं काम केलं. पाणी त्याच्या आवाक्याबाहेर आहे. तुमच्या कार्पेटखाली फोमचा अंडरले असणार. १० मिलिमीटर जाडीचा फोम २० चौरस मीटरमध्ये २०० लिटर जागा व्यापतो. त्यातली बहुतेक जागा हवेची असते, आणि आता तिथं पाणी आहे. तुम्ही वरून ओढता तेव्हा हवेला सोपी वाट लवेतून मिळते. ती तिथूनच येते आणि जाते, खालचा फोम तसाच भरलेला राहतो. याला जास्त हॉर्सपॉवरचं उत्तर नाही. इथं वजन लागतं.

त्यासाठी वेगळी हेड मिळतात. एक प्रकार म्हणजे खाली भोकं किंवा खाचा असलेली सपाट जड पाटी. त्यावर तुम्ही स्वतः उभं राहायचं. तुमच्या वजनानं फोम दाबला जातो, पाणी वर येतं आणि तिथल्या तिथं ओढलं जातं. वॉटर क्लॉ नावानं मिळतं ते याच जातीचं. वापरायची पद्धत बघण्यासारखी असते. पाटीवर चढायचं आणि जागचं हलायचं नाही. पारदर्शक नळीतून आधी पाणी सलग धावतं, मग मध्येमध्ये बुडबुडे येतात, मग हवेचा कोरडा सुस्कारा ऐकू येतो. वजन टाचेवरून चवड्यावर न्या, आणखी थोडं येईल. पुन्हा सुस्कारा आला की पाटी तिच्या रुंदीइतकीच पुढं सरकवा. काम कंटाळवाणं आहे, मान्य. पण कार्पेट न उचलता फोममधलं पाणी काढायला याहून चांगलं मला काही सापडलेलं नाही. दुसरा प्रकार म्हणजे माणूस उभा राहून चालवतो ती मोटरची गाडी. ती मोठ्या जागेसाठी.

हे हेड घरगुती यंत्राला जोडून उपयोग नाही, हे आधीच सांगते. भोकं पुष्कळ असतात आणि तेवढी ओढ त्यात नसते. तीन टप्प्यांच्या (म्हणजे प्रत्येकीत एकामागं एक तीन पंखे असलेल्या) दोन मोटरींचा पोर्टेबल एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पाणी ओढण्याचं धंदेवाईक यंत्र, भाड्यानं आणा आणि हेडही त्यांच्याकडूनच मागा. 'हेड आमच्याकडे नाही' म्हणाले तर यंत्रही घेऊ नका.

डीह्युमिडिफायर नंतर लागेलच, पण आत्ता तो आणणं म्हणजे कपडे न पिळता दोरीवर टाकणं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट उष्णता लागते. फोममध्ये शंभर लिटर असेल तर ६८ युनिट, आणि ती सगळी खोलीतूनच येणार. २० लिटरचा डीह्युमिडिफायर दिवसाला २० लिटर काढतो तो सहसा ३० अंश तापमानाला आणि ८० टक्के आर्द्रतेला. गार खोलीत त्याच्या निम्मंही काढेलच असं नाही. अगदी छापील दरानं धरलं तरी पाच दिवस. बुरशीला तोवर कोण थांबवणार? अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए २४ ते ४८ तासांत वाळवा म्हणते. तेच शंभर लिटर चांगलं यंत्र तासाभरात पाणी म्हणूनच बाहेर काढतं.

वास आजच सुरू झालाय म्हणता, तर आजच करा. उद्या फोम उचलून टाकावा लागेल. कार्पेटही जास्त दिवस भिजलेलं राहिलं की त्याचे दोन थर जोडणारा लेटेक्स ढिला पडतो, आणि मग कडेला धरून ओढलं की वरचा थर हातात येतो. म्हणून ओलं असताना कोपरे खेचू नका. कडेच्या खिळ्यांच्या पट्टीवरून पकडीनं, कोपऱ्यातून, अलगद सोडवा.

प्रश्न : आमच्या कार्यालयाच्या सभागृहात ४०० चौरस मीटर कार्पेट आहे. स्प्रिंकलरचा पाइप फुटून सगळं भिजलं. वर पाणी साचलेलं नाही, पण सगळीकडे पचपचीत आहे. कार्पेट थेट सिमेंटवर चिकटवलेलं, खाली फोम नाही. कंत्राटदार गाडीवरचं मोठं यंत्र आणणार म्हणतो. त्याची गरज आहे का, की दोन पोर्टेबल पुरतील?

उत्तर : खाली फोम नाही ही तुमची मोठी बचत. चिकटवलेल्या कार्पेटला वजनाच्या पाटीची फारशी गरज नसते. चांगलं वाँड, म्हणजे लांब दांड्याचं ओढायचं हेड, आणि भरपूर हवा लागते, आणि भरपूर हवा ही गाडीवरच्या यंत्राची जमेची बाजू. त्यात इंजिनावर चालणारा ब्लोअर असतो, दोन पाकळ्या एकमेकींत फिरणारा. मूळ कल्पना रूट्स बंधूंची, १८६०च्या पेटंटमधली, आणि अजून तीच चालते. मला या यंत्राचा आवाज आवडतो, शेजाऱ्यांना आवडत नाही.

लिफ्टच्या आकड्यात पोर्टेबल कधीकधी गाडीवरच्या यंत्राच्या पुढं दिसेल. दोन मोटरी एकामागून एक जोडल्या की लिफ्ट वाढते, शेजारीशेजारी जोडल्या की हवा वाढते. पत्रकात मोठी लिफ्ट मिरवायची असेल तर पहिली जोडणी सोयीची. पण ४०० चौरस मीटरला वेळ महत्त्वाचा, आणि वेळ हवेवर ठरतो. शिवाय नळी ५० मिलिमीटरची असते. ३८च्या मानानं तिचं तोंड पावणेदोनपट.

मात्र कंत्राटदाराला दोन प्रश्न विचारा. पहिला, सभागृह कितव्या मजल्यावर आहे आणि नळी किती लांब पडणार? गाडी खाली आणि सभागृह चौथ्या मजल्यावर असेल तर हवेची निम्मी मजा वाटेतच संपते. अशा वेळी दोन ताकदवान पोर्टेबल वर चढवलेले बरे. पण ते वेगवेगळ्या सर्किटवर लावा, नाहीतर एमसीबी पडतच राहील. दुसरा प्रश्न, डीफोमर, म्हणजे फेस मारणारं औषध, आणलाय का? कार्यालयांची कार्पेटं वर्षानुवर्षं शांपूनं धुतलेली असतात. तो साबण लवेत बसलेला असतो, पाण्यानं जागा होतो आणि टाकीत फेस फुगतो. फ्लोट पाण्यानं उचलला जातो, फेसानं नाही. फेस सरळ मोटरीत जातो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या मोटरी उघडल्या की बहुतेकींत वाळलेल्या फेसाचा पांढरा थर निघतो. टाकी रिकामी केल्यावर दर वेळी डीफोमर टाकायला हवा, एकदा टाकून भागत नाही.

इंजिनाचं यंत्र किंवा जनरेटर इमारतीच्या आत, अगदी दारं उघडी ठेवूनही, चालवू देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न : ड्रेनेज तुंबून उलटं आलं आणि बेडरूमच्या कार्पेटवर पसरलं. ओढून घेऊन जंतुनाशकानं धुतलं तर कार्पेट वाचेल का? त्यासाठी कोणतं यंत्र घ्यावं?

उत्तर : यंत्र घेऊ नका, कार्पेट टाका. पाणी काढण्याच्या धंद्यात आयआयसीआरसी या सफाई-दुरुस्तीच्या संस्थेचं एस५०० हे मानक प्रमाण मानतात. ते १९९४ साली पहिल्यांदा निघालं. त्यात पाण्याचे तीन वर्ग आहेत : स्वच्छ, मळकं आणि घातक. ड्रेनेजचं आणि नदीच्या पुराचं पाणी तिसऱ्या वर्गात. त्यात भिजलेला फोम वाचवायचा नाही, आणि कार्पेटही वाचवायच्या भानगडीत पडायचं नाही. पाणी जेवढं ओढायचं ते फक्त कार्पेट उचलण्याइतकं हलकं करण्यासाठी. त्याला भाड्याचा साधा वेट व्हॅक्यूम पुरे, पण देणाऱ्याला आधी सांगा कुठलं पाणी आहे. हातमोजे, गमबूट, चष्मा आणि मास्क हवेतच. कार्पेट जागेवरच पट्ट्या कापून गुंडाळा आणि प्लॅस्टिकमध्ये बांधून बाहेर काढा.

पहिल्या वर्गातलं पाणीही तिथंच राहत नाही, हेही सांगून ठेवते. नळाचं स्वच्छ पाणी दोन दिवस कार्पेटमध्ये मुरलं की स्वच्छ म्हणायच्या लायकीचं उरत नाही.

प्रश्न : आजीचा हातविणीचा लोकरी गालिचा भिजलाय. लाल रंग आहे. भाड्यानं आणलेल्या एक्स्ट्रॅक्टरनं ओढू का?

उत्तर : ओढा, पण वजनाची पाटी लावू नका, गरम पाणी फवारू नका आणि घासू नका. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीसेक टक्के ओल पोटात ठेवते आणि तरी हाताला कोरडी लागते. म्हणून स्पर्शावर विश्वास नको. पॉलिप्रॉपिलीनचा तंतू जवळजवळ काहीच पीत नाही, त्यामुळे तो तासाभरात फसवा कोरडा होतो. लोकर उलट बाजूनं फसवते.

आधी पांढरा सुती कपडा लाल भागावर मिनिटभर दाबून धरा. कपड्यावर गुलाबी छटा आली तर रंग सुटतोय. मग गालिचा घडी घालून किंवा गुंडाळून ठेवू नका, एका भागाचा रंग दुसऱ्यावर उतरेल. ओला गालिचा भयंकर जड होतो, त्यामुळे मधेच धरून उचलू नका, तळाचे धागे तुटतात. खाली फळी सरकवून दोघांनी न्या. सपाट पसरा आणि गुळगुळीत अरुंद हेडनं लवेच्या दिशेनं ओढा. मग उलटा करून मागूनही ओढा. हातविणीच्या गालिच्याला मागं चिकटवलेला थर नसतो, त्यामुळे मागून पाणी पुढच्यापेक्षा सहज येतं. झालर सर्वांत शेवटी, तीही हेडवर जाळी धरून, नाहीतर दोरे नळीत जातात.

मग सावलीत, खालूनही वारा लागेल असा जाळीवर ठेवा. दोन दिवसांनी वरून हाताला कोरडा लागेल तेव्हा मागच्या बाजूला, गाठींच्या तळाशी, पिनचा मॉइश्चर मीटर, म्हणजे ओल मोजणारं यंत्र, टोचा. ते मीटर लाकडासाठी आखलेले असतात, त्यामुळे टक्क्यांचा आकडा धरून बसू नका. घरातल्या दुसऱ्या, न भिजलेल्या लोकरी गालिच्यात टोचा आणि दोन्ही आकडे जुळेपर्यंत हा गुंडाळू नका.